अंगावरचं लुगडं

सन दोन हजार तेवीस. माझं वय तेव्हा पंच्याहत्तर. त्या सालाची आठवण काढली की डोळ्यांपुढे आधी काही येत नाही, नाकाशी येतो तो कोऱ्या कापडाचा वास. खळीचा, कच्च्या रंगाचा, प्लास्टिकच्या पिशवीत महिनोन् महिने कोंडलेल्या हवेचा. लहानपणी याच वासाने मला दिवाळी ओळखू यायची. बापाने आणलेल्या नव्या सदऱ्यात नाक खुपसून मी रात्रभर जागा राहायचो. सगळा जन्म मी त्याला सौख्याचा वास मानत आलो. एकाच्या सणाचा वास दुसऱ्याच्या जिवाला काचू शकतो, हे उमगायला माझे केस पांढरे होऊन गळून जावे लागले.

मी शिकलेला माणूस नाही. चौथीत गुरुजींनी छडी उगारली, मी ती मधेच धरली, आणि पाटी तिथेच टाकून घरी आलो तो परत गेलो नाही. पुढे देवळात चातुर्मासाची पोथी वाचायला बसू लागलो तेव्हा अक्षर पुन्हा जुळलं. म्हणून माझ्या लिहिण्यात मधूनच पोथीतला शब्द येईल आणि मधूनच वावरातलं ढेकूळ. दोन्ही माझीच आहेत, निवडत बसू नका. डोणगावच्या पलीकडे आमचं खेडं. घरचं वावर, घरची विहीर. आमच्या घरातून कापड दुसऱ्याच्या घरी गेलं, दुसऱ्याचं उतरलेलं कापड आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. ही गोष्ट मी अभिमानाने सांगायचो. अजूनही सांगताना मान थोडी ताठ होते, खोटं कशाला बोलू?

माझी लेक वत्सला. घरात आम्ही तिला वच्छा म्हणतो. चाळिशी गाठली तिने, पण बोलणं मोजकंच. भूक लागली तर ताट आणून माझ्यापुढे ठेवील, सांज झाली तर दाराची कडी वाजवील. जन्मभर गावाने तिला येडी म्हटलं, तिच्या मायने ‘माही अबोल लेक’ म्हटलं, आणि मी काहीच म्हटलं नाही. अलीकडे अकोल्याच्या एका डॉक्टराने तिला तास दोन तास निरखलं आणि सांगितलं, बाबा, याला ऑटिझम म्हणतात, आपल्या भाषेत स्वमग्नता. शब्द गोड आहे. पोथीत शोभेल असा. पण मला तो अर्धाच पटला. आपल्याच आत बुडालेल्या माणसाला बाहेरचं इतकं कसं टोचावं? गावच्या विजेच्या डीपीची घरघर आम्हाला कोणाला ऐकू येत नाही, ती तिला ऐकू येते. शेजारी मिक्सर लागला की ही गुरांच्या कोठ्यात जाऊन बसते. कपड्याच्या मानेपाशी शिवलेला कंपनीचा चिमूटभर शिक्का तिला इंगळासारखा लागतो. आपल्या कातडीला देवाने जाड साल दिली आहे, तिला ती द्यायची राहून गेली, एवढंच मला समजतं.

आणि तिच्या मायला हे कोणी न सांगता कळलं होतं. ती आपली सुती लुगडी आधी स्वतः नेसायची. दोन-तीन वर्षं विहिरीवर धुऊन, उन्हात वाळवून, वावरात घामाने भिजवून त्यांचा सगळा ताठा उतरला, सूत विरत आलं, की मग मशीनवर बसून त्यांतून वच्छासाठी गाऊन शिवायची. शिवण मुद्दाम बाहेरच्या अंगाला ठेवायची. मी हसायचो. म्हणायचो, “लेकीले उलटं घालते का व?” ती सुईतून मान वर न काढता म्हणायची, “तुमाले नाही समजत त्यातलं. तुम्ही बैल पाहा.” मीही बैल पाहायला निघून जायचो. संसारात किती गोष्टी अशा शेजारच्या खोलीत चाललेल्या असतात, आणि आपण म्हणतो मी घराचा कर्ता!

वैशाखात ती गेली. दोन दिवसांच्या तापाने गेली, फार सांगण्यासारखं नाही. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवत नाहीत. ठेवलं तर त्याचा जीव घरात घोटाळतो म्हणतात. तेरवीला मी तिची पेटी अंगणात आणून उघडली आणि एकेक लुगडं हाताने उचलून बायकांच्या ओटीत टाकलं. वावरात राबणाऱ्या बाया, सोयरिकीतल्या विधवा, जी कोणी आली तिला. हात आखडला नाही. लोक म्हणाले, असं देणं गावाने पाहिलं नाही. त्या दिवशी माझ्या दुःखाला तेवढाच एक टेकू होता, आणि तो मी पुरेपूर वापरला. पेटी रिकामी झाली तेव्हा वच्छा तिच्या तळाशी हात फिरवत बसली होती. मला वाटलं, मायला शोधते आहे. ती मायलाच शोधत होती, पण काय शोधत होती ते मला पोळ्याच्या सुमाराला कळलं, जेव्हा तिचा पहिला गाऊन खांद्यावर फाटला.

मग मी कपडे आणू लागलो. डोणगावच्या बाजारातून गाऊन आणले, मेहकरहून आणले, एक तर सुताचाच आहे म्हणून दुकानदाराच्या शपथेवर आणला. ती अंगात घालायची, दोन पळं थांबायची, आणि ओरबाडल्यासारखा काढून अंगणात फेकायची. अंगणातच. रस्त्याकडे तोंड करून. जाणारी माणसं खाली बघून जायची, काही खाली न बघता जायची. एकदा घोंगडी तिच्याभोवती गुंडाळायला धावलो तर घोंगडी आणखी टोचली, ती किंचाळली, आणि मी म्हातारा बाप आपल्या लेकीपुढे पाठ करून, दोन्ही हातांत धोतराचा पदर पसरून आडोसा करून उभा राहिलो. त्या वेळची माझी पाठ कोणी पाहिली असेल तर त्याने ती विसरावी.

ही गोष्ट पुण्यात पोचली. माझा मुलगा दिगंबर तिथे नोकरीला आहे. वाईट नाही पोरगा. बहिणीवर जीव आहे त्याचा, पण दुरून. फोनवर म्हणाला, “आबा, मी एक संस्था बघून ठेवली आहे. तिथे बायका आहेत सांभाळायला. तुमच्याच्यानं होत नाही आता.” मी म्हटलं, “तिथं कापड कोणतं घालतीन?” तो म्हणाला, “सगळ्यांना एकसारखा ड्रेस असतो.” एकसारखा ड्रेस. कडक धुलाईचा, खळीचा, नंबर टाकलेला. तो म्हणाला, “तिला नेसवायला तुमच्याकडे धड वस्त्र नसेल तर कोणत्या तोंडानं ठेवून घेता, आबा? संक्रांतीला गाडी घेऊन येतो.” त्याचं बोलणं खरं होतं. म्हणून तर ते गिळता येईना. वच्छाच्या अंगावर तेव्हा शेवटचा एक गाऊन उरला होता, आणि त्याची पाठ जाळीसारखी झाली होती.

आता तुम्ही म्हणाल, कापड मऊ आहे की नाही हे हाताने पाहून घ्यायचं, त्यात काय एवढं? पण माझा हात पाहा. वखराच्या रुमण्याने आणि मोटेच्या नाड्याने या तळव्याचं जे काही करायचं ते करून ठेवलं आहे. रेशीम असो की गोणपाट, मला दोन्ही सारखीच. तिची माय कापड उचलून ओठाखाली लावून पाहायची. वच्छाही तसंच करते, गालावरून फिरवते. तेव्हा तिलाच दुकानात नेणं भाग होतं. चाळीस वर्षांत ती बाजारात गेली नव्हती. बाजार म्हणजे आपल्याला माणसांची जत्रा. तिला ते काय वाटत असेल? हजार डीपी एकदम घरघरताहेत असं?

थंडीच्या दिवसांत, गर्दीच्या आधी पोचावं म्हणून सकाळीच ओळखीच्या माणसाचा ऑटो केला. एसटीचा हॉर्न तिला सोसत नाही. तिच्या कानात कापसाचे बोळे घातले, डोक्यावरून माझा जुना दुपट्टा घेतला, आणि मेहकरला कापडाच्या एका मोठ्या दुकानापुढे उतरलो. पण लगनसराई होती. आमच्या आधीच दोन गाड्या भरून बाया येऊन गादीवर बसल्या होत्या.

चपला काढून आम्ही आत गेलो. वर ट्यूबलाइटांची रांग, त्यांची ती बारीक गुणगुण मलासुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली, कारण मी तिच्या चेहऱ्यावर ती पाहिली. माल दाखवणारा माणूस हुशार होता. “बाबा, ताईंना काय दाखवू? एकदम सॉफ्ट कॉटन देतो, लोण्यासारखं,” म्हणत त्याने पिशवी फाडली आणि घडी हवेत झटकून उलगडली. फट्! साडी अशीच उलगडायची असते, त्यातच दुकानदाराची कला. वच्छाने डोळे मिटले. मी तिचा हात धरून कापडाकडे नेला. तिने एकदा गालाला लावलं, खळीचा वास तिच्या नाकात शिरला, आणि दुसऱ्या फट् ला ती खाली बसली. दोन गाद्यांच्या फटीत अंग मुडपून, कानांवर हात दाबून, तिचा तो एकसुरी हुंकार सुरू झाला.

दुकान थांबलं. बाया उठून उभ्या राहिल्या. एक म्हातारी हात जोडून म्हणाली, “अंगात आलं वाटते.” दुसरी म्हणाली, “कुकू लावा, कुकू. कोणाची देवी हाय इचारा.” तिसरीने लिंबू आणायला माणूससुद्धा सोडला. गल्ल्यावरून मालकाने मान लांब करून सांगितलं, “बाबा, जरा बाहेर घ्या त्यांना, गिऱ्हाइकाची वेळ आहे.” मी म्हणालो, “गिऱ्हाईक आम्हीबी आहो. तुमच्या दारात भीक मागाले नाही आलो.” म्हणालो खरं, पण माझा आवाज चढला तसा तिचा हुंकारही चढला. आपला ताठाच आपल्या लेकरावर ओझं होतो आहे, हे कानाने ऐकायला मिळणं यापरती शिक्षा कोणती? उचलावी तर उचलवत नाही, हात लावावा तर भाजल्यासारखी करते. नुसता उभा राहिलो, त्या रंगांच्या ढिगात, दसऱ्यानंतर वावरात उरलेल्या बुजगावण्यासारखा.

तेव्हा गर्दीतली एक बाई येऊन खाली बसली. पन्नाशीची असावी, उन्हाने रापलेली, हाताला तूर सोंगल्याचे, कापल्याचे ओरखडे. ती वच्छाच्या समोर बसली नाही, तिच्याकडे पाठ करून बसली, जशी आपण ओट्यावर कोणाची वाट पाहत बसतो. माझ्याकडेही पाहिलं नाही. तिच्या अंगावर कधीकाळी हिरवं असलेलं सुती लुगडं होतं. धुऊन धुऊन त्याचा रंग पाण्यात निघून गेला होता, आणि पदर मागे जमिनीवर पसरला होता. बऱ्याच वेळाने वच्छाचा एक हात कानावरून निघाला. बोटांना तो पदर लागला. तिने तो ओढला, गालाला लावला, ओठाखाली लावला. मग दोन्ही हातांनी गोळा करून त्यात तोंड खुपसलं. हुंकार हळूहळू बसत गेला, थांबताना रहाटाचा आवाज बसतो तसा.

मालक गल्ल्यावरून उठला. मला वाटलं, आता हाकलतो. तो माल दाखवणाऱ्याला म्हणाला, “इकडचे लाइट मालव. अन् साड्या झटकू नको, हातानं पसर.” आमच्या बाजूला संध्याकाळ झाल्यासारखं झालं. लिंबू आणायला गेलेला माणूस लिंबू घेऊन आला, ते कोणीतरी गुपचूप त्याच्याकडून घेऊन पिशवीत टाकलं.

बाहेरून त्या बाईच्या सोबतिणी ओरडू लागल्या. “काऊन व, बसूनच राह्यली का? गाडी जाईन ना!”

“जाऊ द्या. मी मागून येतो एसटीनं.”

“अवं पण उठ तं!”

“कशी उठू? पदर कोण सोडवते?” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

खरंच, पदर सुटत नव्हता. मी पुढे वाकून सोडवायला गेलो तर वच्छाने तो आणखी आवळला. बाईने माझा हात नुसत्या नजरेने थांबवला. विचारलं, “मऊ लागते का तिले?” मी मान हलवली. माझ्या तोंडून, का कोण जाणे, सगळं एका वाक्यात बाहेर पडलं: “इची माय गेली, अन् मायची लुगडी मीच वाटून देल्ली.” हे मी दिगंबरलासुद्धा सांगितलं नव्हतं. लगनासाठी त्या बाईने नुकतीच घेतलेली साडी पिशवीत होती. सोबतिणीकडून ती मागून घेतली. दोघीतिघींनी तिच्याभोवती चादर धरली, आणि आतून ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर कोरी, कडक, लाल साडी होती, आणि ते विरलेलं लुगडं सगळंच्या सगळं वच्छाच्या मांडीवर.

सोबतिणींना तर पर्वणीच. “काऊन व, नवरी तूच हाय का?” “हळद लावा इले!” ती लाजली, साडी कंबरेला नीट करत म्हणाली, “टोचते व हे. खरंच टोचते.”

आणि मी? सांगितलं पाहिजे म्हणून सांगतो. माझ्या तोंडून आभार निघाले नाहीत. मी म्हणालो, “बाई, आमच्या घरी दुसऱ्याच्या अंगचं उतरलेलं घालत नाहीत.” तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, वावरात हट्टी जनावराकडे पाहतो तसं, आणि म्हणाली, “तुम्ही नका घालू, आबा. लेक घालीन.”

सगळे हसले. मालकही हसला. हसायचा बाकी राहिलो तो मीच. मी तिला दुकानातली कोणतीही साडी घे म्हणालो, तिने मान हलवली. देल्लं तं देल्लं, म्हणाली, आता मोल नका करू त्याचं. आणि पायऱ्या उतरून स्टँडकडे चालू लागली. त्या लाल साडीचा शिक्का तिच्या पाठीवर तसाच लोंबत होता. मी तिचं नाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही. आमच्या घरी पाणी प्यायला या, एवढंही म्हणालो नाही. आजवर मी जे जे दिलं ते नाव सांगून, अंगणात, चार माणसांसमोर दिलं; आणि या बाईने अंगावरचं दिलं ते जणू वाटेत कोणाला सरकून जागा दिली. अशा देण्यापुढे माणसाने कसं उभं राहायचं असतं, हे मला कोणत्या पोथीत वाचायला मिळालं नव्हतं.

ऑटोत वच्छा लुगड्यात तोंड घालून झोपली. मी वाटभर कापडाचाच विचार करत होतो. कापड मऊ कशाने होतं? आपटून, पिळून, उन्हात जळून. म्हणजे सोसूनच ना? मग माणूस सोसून मऊ का होत नाही? मी पंच्याहत्तर वर्षं सोसलं आणि वर्षागणिक कडकच होत गेलो. की सोसण्याचेही प्रकार असतात, आणि मी सोसलं ते सगळं ताठ राहून सोसलं? मेहकर मागे पडलं, दोन्हीकडे सोंगलेल्या तुरीची उघडी धसकटं दिसू लागली.

घरी पोचल्यावर शिवणकाम करणारी शेजारची पोरगी बोलावली. तिने लुगडं उजेडात धरलं आणि म्हणाली, “आबा, दोन गाऊन निघतीन. पण सूत लय विरलं. पावसाळ्यापर्यंत चाललं तं चाललं.” मी म्हटलं, शिवण बाहेरच्या अंगाला ठेव. ती माझ्याकडे पाहतच राहिली. वच्छाने मात्र लुगडं सोडलं नाही, म्हणून अर्धं तिच्या हातात आणि अर्धं पोरीच्या हातात, असं माप घेतलं.

सांजेला दिगंबरचा फोन आला.

“मिळाले का कपडे, आबा?”

“मिळाले.”

“किती?”

“पुरतीन.”

“कुठपर्यंत पुरतील?” तो हिशोबी आहे, सोडत नाही. “अन् मग पुढे?”

पुढे. या एका शब्दात माझं पंच्याहत्तर वर्षांचं वय, त्याची गाडी, ती संस्था, तो एकसारखा ड्रेस, सगळं उभं राहिलं. मी गेल्यावर काय, हा प्रश्न तर त्याच्याही पलीकडे, अंधारात बसलेला. मी एवढंच म्हणालो, “संक्रांतीले ये. जेवाले ये. गाडी मोठी आणू नको.” आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली आणि रिकामी पिशवी घेऊन समोरच्या घराच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. घरची सून झाडत होती, ती लगबगीने पदर सावरत म्हणाली, “आबा, बसा ना. मामंजी वावरात गेले. काही काम होतं का?” मी म्हणालो, “त्याच्याशी नाही, तुझ्याशीच काम आहे. तुझं एखादं जुनं लुगडं असन तर दे. धुऊन धुऊन विरलेलं. नवं नको.” तिला वाटलं, पुसायला, नाहीतर बैलाच्या झुलीला पाहिजे. म्हणाली, “कायच्यासाठी, आबा?” मी सांगितलं, “वच्छाच्या अंगावर घालासाठी.” ती आत गेली. बराच वेळ आतून पेटी उघडल्याचा आवाज येत राहिला, आणि मी अंगणात उभाच राहिलो. मग तिने दिलेलं पिशवीत ठेवलं आणि पुढच्या दाराशी गेलो.